लाखेची तबकडी आणि माझं स्पिरिट

वाशीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये खाडीची हवा कशालाच सोडत नसे. पापड, चपला, नवऱ्याच्या रेकॉर्डी, सगळ्यांना सारखीच बुरशी. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. रेकॉर्ड पुसायचं खास औषध कुणी परदेशातून आणलं तरच मिळायचं, म्हणून ते मीच करायला लागले. रिठे भिजवायचे, पाणी फडक्यातून दोनदा गाळायचं आणि स्टोव्ह पेटवायला आणलेलं स्पिरिट त्यात दोन चमचे घालायचं. रेकॉर्ड नव्यासारखी निघायची. चार जणांनी कौतुक केलं आणि मी हवेत गेले. बिल्डिंगमधले लोक रेकॉर्डी घेऊन यायचे आणि मी डॉक्टरीणबाईंच्या थाटात ‘ठेवा, परवा न्या’ म्हणून सांगायचे.

नवऱ्याच्या कारखान्यात करावे गावचे एक फोरमन होते. एका दुपारी पाळी संपवून ते आमच्याकडे आले. कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेली एक जाड, जड, जुनी रेकॉर्ड त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांची आई गावातली धवलारीण होती, म्हणजे लग्नघरी विधींची गाणी, धवले, म्हणणारी. फार वर्षांपूर्वी कुण्या हौशी माणसाने तिला मुंबईला नेऊन एक धवला रेकॉर्ड करून घेतला होता. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. तिचा साधा फोटोही नव्हता.

“पोरीचे हलदीला लावाचीय,” ते म्हणाले. “आमचा फोनो कवाच मोडला. जपून पूस, वयनी. यान माजे आयशीचा आवाज हाय.”

“काही काळजी करू नका, भाऊ,” मी म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मळक्या रेकॉर्डवर सुई ठेवायची नाही, हा माझा नियम. म्हणून ती आधी वाजवून पाहिली नाही. बुरशी जाड दिसली, तेव्हा स्पिरिट सढळ हाताने ओतलं आणि कडेपासून पुसायला घेतलं. फडकं काळं झालं. मी खूश, केवढा मळ निघतोय! दुसरं फडकं घेतलं, तेही काळंकुट्ट. तिसऱ्या वेळी बोटांना काहीतरी चिकट लागलं. कडेची, म्हणजे जिथून रेकॉर्ड सुरू होते तिथलीच, चकाकी गेली होती आणि तिथे एक खरखरीत, मळकट पट्टा उरला होता.

तेव्हा मला जिन्यातला पॉलिशवाला आठवला. महिन्याभरापूर्वीच तो तिथे बसून लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवत होता आणि मी उभी राहून बघत होते. नवऱ्याच्या रेकॉर्डी होत्या प्लॅस्टिकच्या. ही होती लाखेची. मी मळ पुसतच नव्हते, रेकॉर्डच पुसून काढत होते.

साध्या पाण्याने ती धुतली, पंख्याखाली वाळवली आणि कपाटात साड्यांखाली लपवली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वाजवून तरी बघू. मी त्याचा हात धरला. माझी छातीच होईना. तीन दिवस दाराची बेल वाजली की आधी फटीतून बघून घ्यायचे. हातातून पडून फुटली म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. फुटली म्हटलं तर निदान अपघात वाटला असता.

चौथ्या दिवशी फोरमन आले. “लाव बगू,” म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

नवऱ्याने सुई ठेवली. फोडणीसारखी चरचर सुरू झाली ती थांबेचना. मग त्या चरचरीतून एका बाईचा खणखणीत आवाज वर आला. गाणं होतं, सगळं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

“परत लाव,” फोरमन म्हणाले. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. ते कान देऊन चरचरच ऐकत होते.

“गान्याचे आदी ती बोलते,” ते हळूच म्हणाले. “‘म्हनू का?’ इचारते.”

धवला गावातल्या दहा बायकांना पाठ होता. तिचं बोलणं मात्र जगात त्या दोन शब्दांपुरतंच उरलं होतं, आणि तेवढंच मी फडक्याने पुसून टाकलं होतं.

“माझ्या हातून गेलं, भाऊ,” मी म्हणाले. “स्पिरिट घातलं मी.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली आणि चहाही न घेता निघून गेले.

तरी हळदीचं आमंत्रण आलं. मी येत नाही म्हणत होते, नवऱ्याने ओढून नेलं. मांडवात मी बायकांच्या मागे, खांबाआड बसले. फोरमननी मुलीला जवळ बसवलं आणि लाउडस्पीकरवाल्याला रेकॉर्ड लावायला सांगितली. कर्ण्यातून ती चरचर सगळ्या मांडवभर झाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आता कुणीतरी विचारणार आणि ते माझ्याकडे बोट दाखवणार.

ते कर्ण्याकडे वळले. चरचर चालूच होती.

“म्हन गो, आये,” ते मोठ्याने म्हणाले.

आणि ती म्हणायला लागली.