संस्थेचा वाटा

व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्या बाईला गल्लीत सगळे पाना अक्का म्हणत, कारण नटबोल्ट फिरवायचा पाना तिच्या कमरेला कायम खोचलेला असे. तिचं वर्कशॉप भाड्याच्या एका खोलीत. दार असं अरुंद, की आलेल्या माणसाला उचलून फुटपाथवरच्या स्टुलावर बसवायचं, खुर्ची घडी करून आत न्यायची, आणि तोवर त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलायच्या. अक्काच्या डोक्यात याची तिडीक जाई. माणूस आहे का गाठोडं? म्हणून तिने निधी देणाऱ्यांकडे अर्ज केला: रुंद दार, सपाट फरशी, बाहेर उतार.

मंजुरीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘जुळता निधी. संस्थेचा वाटा निम्मा.’ संस्था म्हणजे आपणच की! आणि वाटा म्हणजे पदरात पडतो तो. निम्मे आत्ता, निम्मे काम झाल्यावर, असा सरळ अर्थ लावून अक्काने गवंडी दिराला बोलावलं आणि दर्शनी भिंत पाडून घेतली. घरमालक तणतणत आला. “महिनाअखेर इथे धड काही उभं दिसलं नाही, तर खोली खाली कर!”

“दार दिसेल, दार!” अक्का म्हणाली. केवढ्या तोऱ्यात.

आणि आज दिराला सोबत घेऊन ती निधीच्या ऑफिसात बसली होती, तर समोरच्या मॅडम विचारत होत्या, “अक्का, तुमचा वाटा जमा झाला का?”

“तो तुम्हीच देणार ना?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “वाटा तुम्हाला मिळायचा नाही, तुम्ही घालायचा. निम्मा खर्च तुमचा. तो दिसला, की आमचा निम्मा सुटतो.”

अक्काची जीभच सुटली. “निम्मे असते तर तुमचा उंबरा कशाला झिजवला असता? आणि याला वाटा म्हणतात होय? भर म्हणा, वर्गणी म्हणा! वाटा मागायला येणारा माणूस कधी खिशात हात घालतो का?”

“वहिनी, हळू,” दीर पुटपुटला.

“भावोजी, तुम्ही गप बसा!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “रोख पैसेच हवेत असं नाही. कुणी फुकट काम केलं, तर त्याची बाजारभावाने मजुरी वाट्यात धरतो.”

दीर ताठ बसला. “मग लिहा. अख्खी भिंत मी फुकट पाडली.”

“तेव्हा आपल्या करारावर सही झाली होती?”

“नाही, गेल्याच आठवड्यात पाडली की.”

“सहीच्या आधीचं धरता येत नाही.”

दिराने आ वासला. “म्हणजे परत बांधू, आणि सही झाली की परत पाडू?”

मॅडमना हसू आवरेना. अक्काला मात्र फक्त खोलीचं उघडं तोंड दिसत होतं, ताडपत्री फडफडणारं. आपल्याच हातांनी आपण आपलं छप्पर घालवलं!

“बरं, उरलंय काय?” मॅडमनी विचारलं. चौकट, फरशी, उतार. त्यावरची दिराची फुकट मजुरी मॅडमनी मांडली. “अजून कमी पडतंय. दार झाल्यावर दुरुस्त्या कोण करणार? पहिल्या वर्षाचं ते काम प्रकल्पातच येतं.”

“मीच. दुसरं कोण?”

“पगार?”

“कसला पगार? सुट्या भागांचे तेवढे पैसे घेते.”

“मग तुमची मेहनतही वाट्यात धरू. तासाचा दर सांगा.”

भिंतीची मजुरी बुडाली तेव्हा बसला नव्हता, एवढा धक्का अक्काला आता बसला. इतकी वर्षं हात काळे केले; नवऱ्याने नाही, घरमालकाने नाही, कुणी कुणी हे विचारलं नव्हतं. तिला आकडाच सुचेना. ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

दिराला दया आली. “लिहा माझ्याएवढाच.”

अक्काने झटकन मान वर केली. “तुमच्याएवढा का म्हणून? वाकडं चाक सरळ करता येतं का तुम्हाला?”

मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

“जास्त लिहा,” अक्का म्हणाली. “आणि आधी ती सही कुठे करायची ते दाखवा. तोवर भावोजी एका विटेलाही हात लावायचे नाहीत.”