काळा माणूसमासा

मिको स्टारिहाला तीन मुलं झाली आणि तिन्ही एकाच हिवाळ्यात घटसर्पाने गेली. तेव्हापासून आपलं नाव आपल्याबरोबरच मातीत जाणार, हे तो धरूनच चालला होता. गावाच्या विहिरी आणि झरे साफ करायचं त्याचं काम. डोंगराच्या पोटातून येणाऱ्या त्या पाण्यात कधीमधी माणूसमासा सापडे. वीतभर लांब, चार इवले पाय, माणसासारखी गोरी कातडी आणि डोळे नाहीतच. लुब्लियाना शहरातले एक प्रोफेसर त्याला सॅलमँडर म्हणत. दर शरद ऋतूत ते यायचे, खाणावळीत उतरायचे आणि असले प्राणी विकत घ्यायचे.

एकदा ते म्हणाले होते, "पांढऱ्याचं नाव केव्हाच ठेवून झालंय, मिको. काही वेगळं आण. त्याच्या नावात तुझं नाव घालीन. शंभर वर्षांनीही पुस्तकात राहील."

मिको तेव्हा हसला. पण घरी येऊन बायकोला, बारा तिचं नाव, त्याने ते तीनदा सांगितलं.

फेब्रुवारीच्या पुरात झऱ्याच्या तोंडाशी त्याला तो दिसला. कोळशासारखा काळा, आणि टाचणीच्या डोक्याएवढे दोन डोळे. मिको बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरला. मासा हाती आला, पण छातीत शिरलेली थंडी काही निघाली नाही. सप्टेंबरपासून तो अंथरुणातून उठला नव्हता.

बाराने मासा तळघरात दगडी कुंडीत, ओल्या गोणपाटाखाली जपला. प्रोफेसर आल्याचं कळताच ती त्याला बरणीत घालून खाणावळीत घेऊन गेली.

प्रोफेसरांनी बरणी उजेडात धरली, मग आपली वही उघडली.

"बाराबाई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक करडा माणूसमासा दिला होता. कुठे ठेवला होता तो?"

तिकडे माणूसमासा सापडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसावा म्हणून बरणी खिडकीत ठेवायची रीतच होती. उजेडाने पांढरा मासा काळवंडतो, हे बाराला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"खिडकीत," ती म्हणाली. "पण हा नाही! हा निघालाच काळा."

"बाराच्या खिडकीला ऊन फार हो, प्रोफेसर," खाणावळवाली मिहेला आतून म्हणाली. "तिचा नवरासुद्धा लग्नाआधी गोरा होता!"

सगळे हसले. प्रोफेसर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता.

"याचे डोळे बघा ना," बारा म्हणाली.

"पिल्लांनाही डोळे दिसतात, बाई. मोठेपणी जातात."

"हा काय पिल्लू आहे? अंधारात ठेवून बघा. पांढरा झाला तर माझं नाक कापा!"

"त्याला वर्षं लागतात. आणि मला उद्या निघायचंय. झऱ्यातून दुसरा आणा, माझ्यासमोर काढा. मग मानीन." बोलता बोलता त्यांनी मासा स्पिरिटमध्ये सोडला आणि बाटलीवर चिठ्ठी लावली. पांढऱ्याचंच नाव, पुढे लिहिलं: उजेडाने काळवंडलेला.

परतीच्या वाटेवर बाराने ठरवलं, खोटं बोलायचं. मरणाऱ्या माणसाशी बोललेलं खोटं देव मोजत नाही.

"मानलं त्यांनी," ती दारातूनच म्हणाली.

मिको उशीवर कोपर टेकून थोडा वर झाला. "काय ठेवलं नाव? म्हणून दाखव ना."

असली नावं लॅटिनमध्ये असतात, एवढं दोघांनाही माहीत होतं. बाराला येत होतं ते लॅटिन चर्चमधलं, आणि त्यातलं पाठ होतं ते मुलांच्या दफनाच्या वेळचं. ती उभीच राहिली.

"खिडकीमुळे नाही मानलं ना?" मिकोने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"अगं, तो करडा खिडकीत ठेव म्हणून मीच म्हटलं होतं तुला," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळून पडला. चार दिवसांनी तो गेला.

पुढच्या पुरात दुसरा काळा मिळेल म्हणून बारा तीन दिवस झऱ्यापाशी उभी होती. पाण्याबरोबर चिखल आला, कुजलेली पानं आली. त्याच्या पुढच्या वर्षीही ती गेली, हातात चाळणी घेऊन, गुडघ्यापर्यंत पाण्यात. तिसऱ्या वर्षी पूर मोठा आला, पण ती घराबाहेर पडली नाही.