दादाचं न दाखवता येणारं काम

दादा आणि मी आसगावच्या घरी मागच्या खोलीत काम करायचो. त्याला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार. सांधे दुखायला लागले की अंथरुणातून उठणं व्हायचं नाही, म्हणून नागपूरची नोकरी सोडून तो गावी परतला आणि एका परदेशी कंपनीचं काम घरून करू लागला. मला प्रोग्रामिंग त्यानेच शिकवलं. पुढे त्याच कंपनीत मीही लागले.

आम्ही एक बिल्ड टूल सांभाळायचो. प्रोग्राम एकदाच लिहायचा. तो निरनिराळ्या कंप्युटरवर आणि फोनवर चालेल असा तयार करून द्यायचं काम ते टूल करतं. मग कंपनीनं सांगितलं, यात गेम कन्सोलही बसवा. दादा इतका खूश मी क्वचितच पाहिला. लहानपणी उन्हात, पाण्यात खेळायची त्याला मनाई होती; टीव्हीला जोडायचा खेळ तेवढा चालायचा.

कन्सोल कुरियरनं आला, त्यासोबत एक करार. यंत्राच्या आतलं काहीही तिसऱ्या माणसाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या. खिडकीला पडदा लागला. बाबा शेतावरून आले की चहा घेऊन यायचे, दाराबाहेर खोकायचे, कप उंबऱ्यावर ठेवून परत जायचे. आत कधी डोकावले नाहीत.

काम एका जागी अडलं. आमचं टूल आधी एक छोटा प्रोग्राम बनवायचं आणि लगेच चालवून बघायचं, समोरचं यंत्र कसं आहे हे कळावं म्हणून. कन्सोलसाठी बनवलेला प्रोग्राम आमच्या कंप्युटरवर चालणार कसा? दादा त्यावर दिवसच्या दिवस बसला. गावात धानाची रोवणी चालू होती, पाऊस थांबत नव्हता. थंडी बाधली आणि त्याची हाडं दुखू लागली. आधी पवनीच्या दवाखान्यात आणि तिथून त्याला नागपूरला न्यावं लागलं.

दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "चालवून पायतो म्हणून अडते ते. नुसतं बनवून पाहाचं. बनलं, तं झालं."

मी म्हटलं, "घरी आल्यावर तूच कर."

त्यानं मास्क परत लावला. छातीत संसर्ग झाला होता. दादा घरी आला नाही.

तेरवी झाल्यावर मी खोली उघडली. त्यानं सांगितलं तसंच केलं: टूलनं तो छोटा प्रोग्राम चालवायचा नाही, बनतो का एवढंच बघायचं. एका दुपारी कन्सोलवर आमचा पहिला प्रोग्राम चालला. टीव्हीवर काळ्या पडद्यात एक हिरवा चौकोन, बाकी काही नाही. मला रडू आवरेना. ते ऐकून बाबा दाराशी आले. मी टीव्ही बंद केला आणि दार उघडलं.

"झालं का वं त्याचं काम?"

"झालं."

"मले पायता येते का?"

मी कराराबद्दल सांगितलं. त्या क्षणी त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं, तर मी टीव्ही लावला असता.

"मंग राहू दे," बाबा म्हणाले. "त्यानं सही केली हाये ना." मग ते दादाच्या खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ बंद टीव्हीकडे बघत राहिले.

यंत्र परत गेलं. टूलच्या कन्सोलसाठीच्या भागात दादाचं नाव टाकावं म्हणून मी कंपनीला विनंती केली. उत्तर आपुलकीचं होतं, पण त्यात लिहिलं होतं की करारामुळे तो भाग बंदच राहतो. त्यातली नावं बाहेर जात नाहीत. आता त्या टूलनं कुठले खेळ तयार होतात, हे मलाही कळत नाही.

परवा कंपनीतल्याच एका नव्या माणसानं ईमेलमधून विचारलं, हा भाग कुणी लिहिला, त्याच्याशी बोलायचं आहे. मी लिहिलं की तो माझा भाऊ होता, आता नाही. अनोळखी माणसाला हे लिहून कळवायची माझी ती पहिलीच वेळ. त्याचं उत्तर आलं: फार नेटकं काम आहे, मी त्यातून शिकतो आहे.

बाबांना मी ते मराठीत सांगितलं. ते बैलांना पाणी दाखवत होते. काम न थांबवता त्यांनी विचारलं, "त्याले आपल्या पोराचं नाव सांगतलं का तू?"

सांगितलं होतं.