पाचवीचं बोलावणं

अंथुर्ण्यातली निम्मी पोरं साखरबाईंच्या हातावर जन्मली, पण त्यांच्या स्वतःच्या घरात त्या एकट्या. मेंढरं विकली, मागोमाग नवरा गेला, आणि मुलगा भोसरीच्या कारखान्यात चिकटला तो दिवाळीपुरता उगवायचा. बायका बारामतीच्या दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या, तसं सुईणीला कुणी विचारेना. चांगलं झालं, असं त्याच म्हणायच्या, आणि दार उघडं टाकून रस्त्याकडं बघत बसायच्या. मी समोरच राहते, मला दिसायचं.

पंच्याण्णव साली सर्जेरावांच्या लेकीनं, सुकन्यानं, गावातल्या मुलींचा आरोग्य गट काढला. पोरगी भलती हट्टी. बाळंतपण दवाखान्यातच, पण नंतरचं मालिश, शेक, अळिवाची खीर हे साखरबाईंकडून शिकायचं, असं तिनं ठरवलं. आईच्या दुधाचा पहिला चीक टाकून द्यायची जुनी रीत नर्सबाईंनी मोडायला सांगितली, तेही साखरबाईंनी ऐकलं. त्यांच्या ओट्यावर दिवसभर पोरींचा कलकलाट. पुढं सुकन्या लग्न होऊन पणदऱ्याला गेली, गट शाळेच्या खोलीत भरू लागला आणि ओटा गप्प झाला.

सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. त्या दिवशी पहिला मान सुईणीचा, आणि आपली लेक साखरबाईंच्याच मांडीवर द्यायची, हे सुकन्यानं घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं. साखरबाई सकाळीच धुवट लुगडं नेसून उंबऱ्याशी बसल्या. दुपार टळली, दिवे लागले.

"अवो, जावा की!" मी चिडून म्हटलं.

"बोलावणं न्हाय आलं," त्या म्हणाल्या.

तिकडं सर्जेरावांच्या घरी सगळे त्यांचीच वाट बघत होते. त्या तर घरच्याच, त्यांना काय बोलवायचं? शेवटी पूजा उरकली. सुईणीची ओटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या कानाला फडकं बांधून, बाळ घेऊन स्वतः आली. बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, तरी आली.

"रुसला व्हय, मावशी?"

"रुसंन कशाला? सुईण बिनबोलावता आली की बाळाला बाधतं. माझ्या सासूनं सांगितलंय. पोरीला काय झालं असतं म्हंजी?"

सुकन्या त्यांच्या शेजारी टेकली. "सगळं शिकले तुमच्याकडनं, आन् येवढंच इचारायचं राह्यलं," म्हणून रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बोलवायला आलीया. चला."

साखरबाईंनी बाळ घेतलं, कच्च्या अंगानं आली म्हणून तिला चार शिव्या घातल्या आणि निघाल्या.

पुढं सव्वा महिना मालिशीसाठी रोज सकाळी घरचं कुणीतरी त्यांना बोलवायला यायचं. एकदा तर सर्जेराव स्वतः फेटा बांधून आले. मग सुकन्या बाळाला घेऊन पणदऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले. साखरबाई अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून उंबऱ्याशी बसल्या होत्या.