गुलाबांच्या हंगामातला पोप

मार्च सरता सरता हदाच्या घाटातून ढग वर येतात आणि सौदीतल्या ताइफच्या गच्च्यांवर टेकतात. सकाळी जाग आली तरी आपण उठलोय की अजून झोपेतच आहोत, हे पटकन कळत नाही. त्यात गुलाबाचा हंगाम. मळ्यांवर तांब्याच्या मोठाल्या भांड्यांत पाकळ्या उकळत असतात आणि तो वास उशीत, भातात, माझ्या पान्या-पकडींच्या पेटीतसुद्धा शिरतो. त्या दिवसांतली कुठलीही आठवण मला धड कोरडी आठवत नाही.

आम्ही तिघं एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मी संगमेश्वरकडचा, एका हॉटेलात एसी मेकॅनिक. चाचा दापोलीकडचे, शाळेची बस चालवायचे. वयानं मोठे, आणि रविवारी सुकटीचं कालवण तेच करत, म्हणून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. तिसरा वसईचा ख्रिश्चन. त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या फुलशेती, म्हणून गुलाबाच्या मळ्यावर त्याला मुद्दाम बोलावून घेतलेला. आम्ही त्याला वसईवाला म्हणायचो. पुढे तो पोप झाला.

त्या वर्षी रमजान आणि ख्रिश्चनांचा उपवासकाळ एकदमच आले. चाचांचा रोजा, वसईवाल्याचा उपवास, आणि मी एकटा खाणारा, तोही स्वयंपाकघराचं दार लोटून, चोरासारखा. संध्याकाळी अजान झाली की सतरंजी अंथरून तिघं बसायचो. वसईवाला खजूर घ्यायचा आणि हळूहळू खजुरावरच थांबायला लागला. आधी मटण सोडलं, मग भात, मग चहातली साखर. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! चाचा मला म्हणायचे, "बघ, ह्येला म्हंतात इमान. नायतर तू, दिवसभर चरतोयस."

दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस जेवत नाही म्हटल्यावर कपाळाला हात लावून ताप बघतात. आमच्या घरात त्या महिन्यात जेवणंच लाजेचं झालेलं. त्यामुळे दुखणं ताटाशेजारी येऊन बसलं तरी आम्ही तिघांनी त्याला भक्ती समजून जागा करून दिली.

ईदला चाचांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना नवा कपडा आणला. मला शर्ट. वसईवाल्यानं महिनाभर आपल्या बरोबरीनं उपास केला याचं त्यांना इतकं अप्रूप, की त्याच्यासाठी त्यांनी पांढरा तोब शिवून घेतला, इथले लोक घालतात तो पायघोळ झगा, आणि वर पांढरी टोपी. तो घालून वसईवाला आरशासमोर उभा राहिला. चाचांची बिर्याणी दमावर होती, ती उतरली, आम्ही वाढून घेतली, तरी तो तिथेच उभा.

ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी त्याच्याबरोबर मळ्यावर गेलो. गुलाब ऊन चढायच्या आत तोडावे लागतात, नाहीतर अत्तराचं तेल उडतं. ढग इतके खाली आलेले की शेजारच्या सरीतला माणूस दिसत नव्हता, नुसता फुलं खुडल्याचा आवाज यायचा. त्या धुक्यातून तो अगदी सहज म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मला पोप केलंय."

"कुणी?"

त्यानं हातातला गुलाब आभाळाकडे केला.

"अरे, रोमला एक आहेत ना?"

"रोमचे रोमला. तिथं पावलोपावली आमचं देऊळ. इथं एकही नाही. दिवा कुठं लावतात, अंधारातच ना?"

मी मोठ्यानं हसलो. तो रागावला नाही. "हसलास, ते माफ केलं," तो म्हणाला. "बाकीचंही केलं."

"बाकीचं म्हणजे काय?"

"जे असेल ते."

माझं डोकंच फिरलं. हा कोण मला माफ करणारा? महिन्याभरापूर्वी माझ्याच साबणानं अंघोळ करत होता! पण त्या दुपारी मला अशी झोप लागली की चाचांनी हलवून उठवलं. लहानपणी आईच्या पदराखाली लागायची तशी झोप. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पुढचे दिवस म्हणजे एक लांबलचक पहाट होती. वसईवाला काम चोख करायचा, फक्त चालायचा सावकाश. आणि गंमत बघा, पोपचा वेश तरी काय? पांढरा झगा, पांढरी टोपी. ताइफच्या बाजारात असे शेकडो पोप हातात भाजीची पिशवी घेऊन फिरत होते. लोक त्याला सलाम करायचे, तो दोन बोटं उचलून आशीर्वाद द्यायचा, लोकांना ते सलामाचं उत्तर वाटायचं. अख्ख्या शहरात त्याला कुणी वेडा म्हटलं नाही. तो इतका आनंदात होता, की मला कधी कधी हेवा वाटायचा.

मला त्यात फारसं वावगंही वाटत नव्हतं. आमच्या गावात शिमग्याला एका माणसाच्या अंगात येतं. एरवी तो सोसायटीच्या दुकानात रेशन मोजतो. त्या दिवशी मात्र म्हातारेकोतारे त्याच्या पाया पडतात, मुलीचं लग्न कधी ठरेल विचारतात, आणि तो सांगतो. मग वारं उतरतं, तो चूळ भरतो, कपभर चहा पितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेशन मोजतो. त्याला कुणी वेडा म्हणत नाही. अंगात येण्याला आमच्याकडे एकच अट, ते वेळेवर उतरलं पाहिजे.

वसईवाल्याचं उतरेना. चाचांचे रोजे सुटून किती दिवस झाले, हा अजून पाण्यावर. छातीच्या फासळ्या तोबातून दिसायला लागल्या. एकदा मळ्यावरच तो सरीत बसला तो उठेचना. दवाखान्यात डॉक्टरनं सलाइन लावलं आणि स्पष्ट सांगितलं, याला मनाच्या डॉक्टरची गरज आहे, घरच्या माणसांत पाठवा, पण आधी पोटात अन्न जाऊ द्या, नाहीतर हा विमानापर्यंतही पोचणार नाही. त्याचा कफील, म्हणजे मळ्याचा मालक, भला म्हातारा. तिकीट मी काढतो म्हणाला, आणि त्याचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ अरबीत काहीतरी पुटपुटत बसला.

घरी आणल्यावर मी विचारलं, "जेवणार कधी?"

"जगातला शेवटचा उपाशी माणूस जेवला, की मी जेवीन."

मग मी माझी अक्कल चालवली. आम्हाला देवांचा काय तोटा, तेहेतीस कोटींत एक पोप सहज खपून जाईल. म्हटलं, मी याच्या पाया पडतो, "पोपसाहेब, भक्तासाठी दोन घास घ्या" म्हणतो. चाचांनी मला दारातच अडवलं.

"ह्या खोट्यात मी नाय. आजारी माणसाशी तर खोटं बोलूच नये. तो आदीच एका खोट्यात अडाकलाय, तू आनखी दार लावतोस."

"मग मरू द्यायचं का त्याला?"

चाचांचे डोळे भरून आले. टोपी मीच दिली त्याला, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी वसईला त्याच्या बायकोला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. वसईवाला गच्चीत भिंतीला टेकून बसला होता, ढग त्याच्या गुडघ्यांवरून जात होते. फोन मी धरला, त्याच्या हातात तेवढी ताकद नव्हती. त्यांची बोली मला निम्मीशिम्मी कळते, पण जे कळलं ते विसरणार नाही. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, शपथा घालेल. तिनं आधी हवापाणी विचारलं. मग म्हणाली, "चाचा सांगत होते, तुम्हाला पोप केलंय."

"हो."

"असेल. देवाचं देवाला माहीत. मी काही शिकलेली नाही. पण पोपला बायको नसते ना?"

त्यानं मान हलवली.

"मग मी कोण?" तिनं विचारलं. "पोरीला काय सांगू? तुझा बाप कोण म्हणून?"

धुक्यात कुठेतरी पाण्याचा टँकर हॉर्न देत होता. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "थांब. विचारून सांगतो."

आम्ही थांबलो. माझा हात अवघडला, फोन मी दुसऱ्या हातात घेतला. जिन्याच्या दारात चाचा पेजेचं भांडं घेऊन उभे होते. मी देवधर्म फारसा न करणारा माणूस, पण त्या वेळी वरून काहीतरी उत्तर यावं म्हणून मीही मनातल्या मनात हात जोडले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. ते घाबरलेले होते. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

"उत्तर येत नाही," तो म्हणाला.

"येईल," ती म्हणाली. "घाई नाही. पण उत्तर येईपर्यंत जेवायला काय हरकत आहे?"

त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचा खाली बसले, पेज फुंकून चमचा पुढे केला. त्यानं तोंड उघडलं. पलीकडे ती, प्रत्येक घोटाला स्वतःच गिळल्यासारखी, नुसती बघत होती. पेज संपली तेव्हा तिनं पदर तोंडात धरला आणि कॉल कट केला.

तो लगेच बरा झाला असं नाही. रोज सकाळी विचारायचा, "आलं का उत्तर?" आणि चाचा म्हणायचे, "नाय अजून. जेव." असा जेवत जेवत तो चालण्याइतका झाला आणि आम्ही दोघं त्याला जेद्दाच्या विमानतळावर सोडायला गेलो. हदाचा घाट उतरताना माकडं कठड्यावर बसून आमची गाडी बघत होती. खाली उकाडा सुरू झाला आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा गुलाबाचा वास गेला. मला उगाच रडू यायला लागलं.

आत जायच्या आधी त्यानं बायकोला फोन केला. आमच्यासमोरच बोलला.

"विचारलं मी. तू आहेस." त्याचा हात टोपीकडे गेला. "म्हणजे मी नाही."

तिकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी करून चाचांना दिली. चाचा ती परत त्याच्या खिशात घालायला लागले, तर तो नको नको म्हणाला. टोपीशिवाय तो एकदम कुणीतरी साधा, थकलेला माणूस दिसायला लागला, लांबच्या गावचा, घरी निघालेला. हेच तर आम्हाला हवं होतं. तरीही मला ते बघवेना.

मग तो माझ्याकडे वळला. "तू मला एकदाही खरा पोप मानलं नाहीस, ना?"

"नाही," मी म्हटलं. चाचांसमोर खोटं बोलायची सोय नव्हती.

"बरं केलंस." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "पण तुला माफ केलं होतं ना, ते राहू दे."