बेटावर पाणवठा कुठं?

मंडळी, आज दुपारी आमच्या घरी जे झालं ते कॉलनीच्या फलकावर लावतो आहे. जाता-येता वाचा.

यंदा ऑफिसच्या एलटीसी प्रवास-सवलतीवर थंडीत अंदमानला जायचं ठरलं आहे, तिथली जनावरं बघायला. मुक्काम दक्षिणेत की उत्तरेत, यावर नकाशा पसरून वाद सुरू होता. बायकोला पक्ष्यांसाठी दक्षिण हवी होती. मी अडून बसलो, "आधी पाणवठा कुठं आहे ते पाहू." आपण नागपूरकर वाघ बघतो तो उन्हाळ्यात पाणवठ्यापाशी बसूनच.

पोर्ट ब्लेअरला नोकरी करून आलेले शेजारचे काका हे ऐकून हसतच सुटले.

"काहून गा, चारही बाजूंनी समुद्र हाय अन् तू पाणवठा शोधून राहिला?"

मी ओशाळलो. मग तेच म्हणाले, "उत्तरेले जा. रात्री वाळूवर चुपचाप बसा. कासवं अंडी घालाले समुद्रातून वर येतात."

बायकोनं उत्तरेवर बोट ठेवलं. "म्हणजे बसाचं पाण्याकाठीच. फक्त जनावर पाण्यातून येईन."

मग माझं चुकलं कुठं? पेन्सिल दोरीला बांधली आहे, खाली लिहा.