कोठीतल्या टोप्या

लग्न कोठीत करायचं, हे म्हणणं माझं होतं. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरी विचाराल तर आता निराळंच ऐकायला मिळेल.

नातीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या सुनेनं शंकर नगरकडचा एक एसी हॉल पाहून ठेवला होता. काचेचं दार, दारात कारंजं, आत इतकी थंडी की माणसानं शाल पांघरून जेवावं. मी एकदा जाऊन बसून आले आणि म्हटलं, "मले नाही आवडला. तिथं बसलं का डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटते."

"मग कुठं करायचं, आई? आपल्या चौबे कॉलोनीतल्या घराच्या गच्चीवर?"

"कोठीत," मी म्हटलं.

कोठी म्हणजे जुन्या वस्तीतली हवेली, एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची. पुढे लांब व्हरांडा, ओतीव लोखंडाचे खांब, खिडक्यांना रंगीत काचा आणि आत वर जाणारा रुंद लाकडी जिना. मालगुजारी गेली, घरची माणसं पांगली, मग कित्येक वर्षं तिथं कबुतरांचा संसार होता. पुढे त्यांच्याच घरातल्या नव्या पिढीतल्या कुणीतरी चुना करून, काचा बसवून ती उभी केली. आता तिथं लग्नं होतात, साड्यांची प्रदर्शनं लागतात, गाण्याच्या बैठका होतात. ज्यानं तारीख आधी धरली, तो त्या दिवसाचा मालगुजार.

माझे वडील रेल्वेत होते, विदर्भातून नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आलेले. लहानपणी आईचं बोट धरून मी त्या फाटकावरून जायची. आतला व्हरांडा दिसायचा, त्यात पितळी कड्यांचा झोपाळा. मी थबकले की आई म्हणायची, "पाय उचल. तिथं आपलं काही नाही." खरंच होतं तिचं. आमच्यासारख्यांना त्या फाटकातून आत बोलावणारं कोण होतं? पण ते फाटक माझ्या मनात राहून गेलं. आता नात सरकारी ऑफिसात साहेबीण झालेली. म्हटलं, ही त्या फाटकातून आत जाईल, आणि चालत नाही, गाडीतून, हॉर्न वाजवत.

सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण काही कमी-जास्त झालं, तर मी तुमचं नाव सांगीन."

"सांग ना," मी म्हटलं.

बोलायला काय जातं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. लग्नात एक पापड जरी नरम निघाला असता, तरी "मी तर हॉल म्हणत होती" हे वाक्य मला मरेपर्यंत, प्रत्येकाच्या लग्नात, प्रत्येक पंगतीत ऐकावं लागलं असतं.

नवरदेवाकडचे बिलासपूरचे. तेही रेल्वेतले, मूळ भंडाऱ्याकडचे. साक्षगंधाला त्यांच्या घरची मोजकी माणसं आली होती, बाकीचं वऱ्हाड आम्ही पाहिलेलं नव्हतं. विहीणबाई मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. फोनवर म्हणाल्या, "आमचं काही मागणं नाही, आजी. फक्त मोठ्या जवायांचा मान तेवढा सांभाळा. ते रुसतात."

हे मोठे जवाई म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे मालक. एका लग्नात त्यांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली म्हणून रुसले होते. दुसऱ्या लग्नात टोपी द्यायची राहिली, तर बसमध्ये जाऊन बसले ते तिथंच जेवले. आम्ही बौद्ध माणसं. मुहूर्त सोडला, हुंडा सोडला, पत्रिका सोडल्या. पण आमच्या विदर्भातला टोपी-दुपट्टा आणि त्याच्यावरून रुसणारे जवाई, हे काही आमच्यानं सुटलं नाही. वऱ्हाडातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर दुपट्टा पडला पाहिजे. एक जरी सुटला, की गेलं लग्न.

म्हणून ते काम मी स्वतःकडे घेतलं. पांढऱ्या टोप्या, निळ्या काठाचे दुपट्टे, सगळं परातीत रचून ठेवलं. हात लावायला कोणाला दिला नाही.

लग्न रविवारी सकाळचं होतं. कोठीच्या मॅनेजरनं भिंतीला खिळा ठोकायला मनाई केलेली, म्हणून झेंडूच्या माळा खांबांना दोऱ्यांनी बांधलेल्या. दिवाणखान्यात मंच, त्यावर बुद्धमूर्ती, पांढरी फुलं. पोहे-जलेबीचा वास फाटकापर्यंत. मी परात घेऊन पायरीवर उभी, माझ्या बाजूला गुलाबपाणी घेऊन शेजारीण. आमच्याकडची पुरुषमाणसं तशी कमीच, त्यातला अर्धा भाग गॅसच्या शेगडीमागे.

आणि फाटकातून माणसं आत यायला लागली.

पांढरे कुरते, पांढरे टी-शर्ट, बाया पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या. आमच्या लग्नात पांढरंच घालतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. सगळ्यांच्या पुढे एक उंच गृहस्थ, केस पिकलेले, हातात काठी. फाटकात थांबून ते वरच्या कमानीकडे पाहत राहिले. मग खांबाकडे पाहिलं. मग वाकून पायरीकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.

मी शेजारणीला म्हटलं, "हेच मोठे जवाई. आल्या आल्या खोट काढून राहिले, पाह्य."

"पण नवरदेव कुठाय? अन् बँड नाही काहून?"

"नवरदेव मागून गाडीत येत असंल. बँडही त्याच्यासंगच असंल. तू पाणी शिंपड."

मी पुढे झाले. सगळ्यांत कडक टोपी काढली, त्यांच्या डोक्यावर ठेवली, दुपट्टा घातला, हात जोडले. ते गृहस्थ गोंधळले. मग त्यांचे डोळे असे काही चमकले की मला वाटलं, जिंकलं आपण.

"माताजी, ये तो बहुत सुंदर परंपरा है. पुरानी है?"

"बहुत पुरानी, भैया. मेरे ससुर के जमाने से."

त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "सुना आपने? ससुर के जमाने से." आणि लोकांनी रांग लावली. एकेकजण डोकं वाकवून टोपी घेतोय, फोटो काढतोय, थँक्यू आंटी म्हणतोय. मराठी एकही जण बोलेना, पण बिलासपूरची आजकालची पोट्टी कुठं मराठी बोलतात, आमच्याच घरचीही बोलत नाहीत. परात रिकामी झाली. एकही डोकं उघडं राहिलं नाही. मी समाधानानं पदर सावरला.

मग त्यांना व्हरांड्यात बसवलं. पोहे, जलेबी, चहा. ते मोठे जवाई काही केल्या बसेनात. बशी हातात घेऊन भिंतीला हात लावून पाहत होते, फरशीवर काठी टेकवून पाहत होते. मला विचारलं, "ये छत असली है या बाद में बदली गई?"

मी म्हटलं, "छत एकदम बढ़िया है, भैया, कहीं से नहीं टपकती. आप बैठो, जलेबी लो."

त्यांनी जलेबी घेतली, वर आणखी एक घेतली. सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मोठे जवाई तर हसून राहिले." मग जरा थांबून म्हणाली, "कोठी चांगलीच आहे, हं." माझ्या अंगावर जणू कुणी दुपट्टा टाकला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. विहीणबाई होत्या. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो, आमची बस तुमच्या शहराच्या तोंडाशी, भनपुरीत फसली. पुढे ट्रक, मागे ट्रक. नवरदेव उतरून स्वतः ट्राफिक काढून राहिला. थोडा उशीर होते."

सुनेनं फोनकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे पाहिलं. तिथं सगळे टोप्या घालून दुसऱ्यांदा पोहे घेत होते.

"मग हे कोण आहेत?"

माझा मुलगा शेगडीकडून हात पुसत आला. "अरे हो," तो म्हणाला, "मॅनेजर बोलला होता. रविवारी सकाळी ते पांढऱ्या कपड्यातले हेरिटेज वॉकवाले येतात. कोठी पाहतात अन् जातात. तुमाले सांगायचं राहून गेलं."

"सगळ्या टोप्या?" सुनेनं मला विचारलं.

"सगळ्या."

"रविवार आहे, आई. दुकानं बंद. बस भनपुरीत आहे. आणि मोठे जवाई बसमध्ये आहेत." तिनं श्वास घेतला. "मी तर..."

"ते वाक्य आज नको," मी म्हटलं.

आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं गुलाबपाणी सांडलं. आम्ही दोघी खांबाला धरून हसतोय, बोलता येईना. सून रागानं पाहत होती, मग तिची हनुवटी थरथरायला लागली, मग तीही खांबाला टेकली. मुलगा आमच्याकडे पाहून म्हणतो, "अरे, वऱ्हाड येऊन राहिलं अन् तुम्ही काय करून राहिल्या?" त्यावर आणखी हसू.

डोळे पुसून मी त्या काठीवाल्या गृहस्थांकडे गेले. निवृत्त सर होते ते, कॉलेजात इतिहास शिकवलेला. सगळं सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले आणि टोपीला हात घातला.

मी त्यांचा हात धरला. "उतारना मत, भैया. मान एक बार दे दिया तो हम वापस नहीं लेते."

"पर माताजी, आपकी बारात?"

त्यांच्यामागे त्यांची सगळी फौज टोप्या घालून उभी होती. आणि आमच्याकडे स्वागताला कोण, तर मी आणि शेजारीण. एकदम सुचलं. म्हटलं, "ऐसा करो. आज आप सब लड़कीवाले. हमारे तरफ आदमी कम हैं. लड़कीवाले क्या करते हैं? अपने सिर का निकालके मेहमान के सिर पर रखते हैं."

सरांनी डोळे बारीक केले. "ये भी पुरानी परंपरा है?"

"नहीं. ये अभी चालू हुई."

ते इतके हसले की काठी पडली.

मग तर कोठीत धमाल. वॉकमधल्या बाया ओढण्या खोचून कांदे चिरायला बसल्या, पोह्यांची दुसरी कढई चढली. पुरुषांनी फाटकापासून पायरीपर्यंत दोन रांगा केल्या. सर त्यांना समजावत होते की टोपी दोन्ही हातांनी ठेवायची, फेकायची नाही.

बस आली. बँड वाजला. नवरदेव उतरला, आणि त्याच्यामागून एक बुटके, गोल, घामाघूम गृहस्थ, तोंड फुगवून. त्यांना बसमध्ये चाकावरची सीट मिळाली होती. मोठे जवाई कोणते, हे विचारायची गरजच पडली नाही. मी सरांना कोपरानं ढोसलं.

सर पुढे झाले. आपल्या डोक्यावरची टोपी काढली, मोठ्या जवायांच्या डोक्यावर ठेवली, दुपट्टा घातला आणि अशा काही वजनदार हिंदीत म्हणाले, "पधारिए. यह कोठी आज आपके आने से पूरी हुई." जवायांनी मागे वळून पाहिलं की हे दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाहीत ना. मग सरांनी त्यांचा हात धरला आणि आत नेलं.

दोन्ही रांगांतून टोप्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात होत्या. एक वऱ्हाडी म्हणाला, "अरे, गरम आहे टोपी." मी म्हटलं, "ताजी आहे, बाबू."

त्रिशरण घ्यायची वेळ झाली तर विहीणबाई घाबऱ्या झालेल्या. "मोठे जवाई दिसून नाही राहिले. नक्की बसमध्ये बसले."

सून माझ्याकडे पाहायला लागली. मी शोधायला निघाले. बसमध्ये नव्हते. गच्चीवर नव्हते. सापडले जिन्याच्या वळणावर. भोवती आपलीच माणसं जमवून भिंतीवर हात फिरवत सांगत होते, "हात लावून पाहा. चुन्यात गूळ टाकला आहे अन् बेलफळाचा गर. सिमेंट काय चीज आहे याच्यासमोर." मी म्हटलं, "जवाई, लग्न लागून राहिलं." तर म्हणतात, "एक मिनिट, आजी, काचांचं सांगायचं राहिलं."

लग्न लागलं. वॉकवाले मागे उभे राहिले, आम्ही हात जोडले तसे त्यांनीही जोडले. उन्हं खिडक्यांच्या काचांतून आत आली होती. पांढऱ्या साडीवर, पांढऱ्या शेरवानीवर लाल, हिरवे तुकडे पडले होते. नातीच्या गालावर एक निळा. मी तिथं थबकून उभी होते, आणि पाय उचल म्हणायला कोणी नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. काही महिन्यांनी मी आणि शेजारीण मुद्दाम एका रविवारी त्या वॉकला गेलो. फाटकात कोठीचा मॅनेजर गमछे घेऊन उभा. येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक. सर सगळ्यांना सांगत होते, "यह इस कोठी की बहुत पुरानी परंपरा है." माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्याची रेष हलली नाही. मीही मान खाली घालून गमछा घेतला.

आणि घरची गोष्ट. परवा सून बहिणीशी फोनवर बोलत होती. त्यांच्याकडेही लग्न निघालं आहे. ही सांगतेय, "हॉल-बिल पाहू नको. आमच्या वेळेस सगळे हॉलच म्हणत होते, मीच म्हटलं, कोठीत करू. मोठे जवाई सुद्धा रुसले नाहीत, विचार आईंना."

मी मेथी निवडत होते. तिनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हव," मी म्हटलं, "हिलेच सुचलं होतं."

आपल्या डोक्यावरची टोपी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, परंपराच आहे ती आमची. इथं तेवढं खरं लिहून ठेवलं.